कोरडी थंडी, तीस अंशांची दुपार: सोलापुरात अंगाला लावायच्या वस्तूंची पारख

दिवाळीचं उटणं संपून पंधरा दिवस होत नाहीत तोच नडगीवर नख ओढलं की पाटीवर खडूनं ओढावी तशी पांढरी रेघ उमटते. सोलापुरात थंडी आल्याची ही सगळ्यात खात्रीची खूण. मग औषध दुकानांच्या काउंटरवर डब्या, ट्यूबा, बाटल्या पुढे सरकतात. पाचपन्नास रुपयांच्या डबीपासून हजाराच्या घरातल्या क्रीमपर्यंत सगळं एकाच फळीवर असतं आणि प्रत्येकावर 'कोरड्या त्वचेसाठी' असंच लिहिलेलं असतं.

या आढाव्यात औषध दुकानातल्या, किराण्यातल्या आणि तेलघाण्यावरच्या वस्तू घेतल्या आहेत. प्रत्येकीला विचारलेला प्रश्न एकच: सोलापूरच्या हवेत ही चालते का? इथली थंडी महाबळेश्वरची नाही. जानेवारीत पहाटे पारा पंधरा-सोळा अंशांच्या आसपास असतो आणि दुपारी तोच तिसाच्या घरात जातो. हवा मात्र कोरडी ती कोरडीच. म्हणजे त्वचा थंड प्रदेशातल्यासारखी फुटते, पण थंड प्रदेशातलं जाड मलम दिवसा अंगावर ठेववत नाही. बारा वाजता घाम येतो, मलम चिकचिकतं, त्यावर रस्त्याची धूळ बसते. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत होम मैदानावर तासभर फिरून आलं की चिकट हातापायांचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून आमचं पहिलं मत आधीच सांगतो: इथं एका वस्तूनं भागत नाही. रात्री जड, सकाळी हलकं, आणि दोन्ही ओलसर अंगावर.

ओलसर अंगावर का, ते आधी पाहू. त्वचेचा वरचा पापुद्रा काळ्या रानासारखा असतो. ओल धरून असेल तोवर मऊ, ओल गेली की तडकतो. ती ओल आत धरून ठेवायला त्वचेची स्वतःची चरबी असते. कढत पाणी आणि साबण ती धुऊन नेतात आणि कोरडी हवा उरलेली ओल ओढून घेते. क्रीम, मलम, तेल यांत तुमच्या त्वचेला पुरेल एवढं पाणी फारसं नसतं. पाणी तुम्हाला आंघोळीत मिळतं. या वस्तूंचं काम ते पाणी पळू न देणं. कोरड्या ठणठणीत नडगीवर दुपारी चार वाजता महागडं क्रीम चोळलं तर कोरडेपणावरच झाकण बसतं. तेच आंघोळ झाल्यावर दोन-तीन मिनिटांत, अंग नुसतं टिपलेलं असताना लावलं तर साधी व्हॅसलीनही महागड्या क्रीमला मागे टाकते.

पेट्रोलियम जेली

तर व्हॅसलीनपासूनच सुरुवात. रॉबर्ट चेसब्रो यांनी १८७२ मध्ये अमेरिकेत या पदार्थाचं पेटंट घेतलं. दीडशे वर्षं उलटली, पण पाणी अडवण्यात या डबीला अजून तोड नाही. वास नसलेली, रंग नसलेली, नुसतं 'पेट्रोलियम जेली' किंवा 'व्हाइट सॉफ्ट पॅराफिन' लिहिलेली डबी घ्या. सुगंधी, गुलाबी, कोरफडीचा अर्क घातलेली नको. वासाच्या द्रव्यांनीच अनेकांच्या त्वचेला खाज सुटते.

लावायची रीत अशी. वाटाण्याएवढी जेली दोन तळव्यांमध्ये घासून पातळ करायची, मग ओलसर नडगीवर वरून खाली, केसांच्या दिशेनं फिरवायची. उलटं चोळलं की केसांच्या मुळांशी ती बसते आणि बारीक पुळ्या येतात. पांढरा थर दिसत असेल तर जास्त झाली. बोट फिरवल्यावर चकाकी यावी, गोळा लागू नये.

उणीव दोन. दिवसा चिकटते, हे वर आलंच. दुसरी जास्त गंभीर आहे: पॅराफिन मुरलेला कपडा चटकन पेट घेतो आणि झपाट्यानं जळतो. पहाटेच्या शेकोटीपाशी, गॅसपाशी, विडी-काडीपाशी जेली माखलेला पदर किंवा धोतर नको. रोज रात्री जेली लावणाऱ्याची चादर आणि पायजमा आठवड्यातून एकदा तरी गरम पाण्यात धुवा. धुऊनही ती पूर्ण निघत नाही, म्हणून धुतलेला कपडाही विस्तवापासून लांबच. रात्रीसाठी हिला आमच्याकडून पाचपैकी पाच, सकाळसाठी दोन.

दिवसाची क्रीम

सकाळी उपयोगी पडते ती औषध दुकानात मिळणारी पॅराफिनची साधी क्रीम. मागची बाजू वाचा: 'लाइट लिक्विड पॅराफिन १०.२ टक्के, व्हाइट सॉफ्ट पॅराफिन १३.२ टक्के' असं लिहिलेलं असतं. या प्रमाणाची क्रीम बऱ्याच कंपन्या काढतात, नावं वेगळी, माल तोच. त्यामुळे नाव न सांगता प्रमाण सांगून मागा आणि जी स्वस्त असेल ती घ्या. ती पाण्यात घोटलेली असल्यानं पाच मिनिटांत जिरते, शर्टाची बाही चिकटत नाही. लहान मुलांना, म्हाताऱ्यांना, खाज येणाऱ्यांना सगळ्यांना चालते. एवढंच लक्षात ठेवा की तिचा परिणाम चार-सहा तासच टिकतो. संध्याकाळी हातपाय धुतले की परत लावायची.

सेरामाइड घातलेली क्रीम चांगली असते यात वाद नाही. त्वचेतल्या चरबीचाच तो एक भाग आहे. लहानपणापासून कोपराच्या, गुडघ्याच्या लवेत खाज येणाऱ्या मुलांना आणि ज्यांचा चेहरा प्रत्येक क्रीमनं चुरचुरतो त्यांना ती घेऊन द्यावी. बाकीच्यांनी सगळ्या अंगाला ती लावण्यात पैसे घालू नयेत, नुसत्या चेहऱ्यापुरती ठेवावी.

ग्लिसरीन

सोलापुरात ग्लिसरीनचं सगळ्यात जास्त चुकतं. ग्लिसरीन पाणी ओढतं. हवेत दमटपणा असेल तिथं ते हवेतलं ओढतं. आपल्या डिसेंबरच्या हवेत ओढायला काही नसतं, मग घट्ट ग्लिसरीन त्वचेच्या आतल्या थरातलंच पाणी वर खेचतं आणि ते उडून जातं. बाटलीतलं ग्लिसरीन तसंच गालावर लावलं की तासाभरात गाल आधीपेक्षा ताणलेले का वाटतात, त्याचं कारण हे.

बरोबर पद्धत: एक चमचा ग्लिसरीन, तीन चमचे उकळून गार केलेलं पाणी किंवा गुलाबपाणी. हे एवढंच करायचं, बाटलीभर नाही. त्यात टिकवायचं द्रव्य नसतं, म्हणून फ्रिजमध्ये ठेवून आठवड्यात संपवायचं. ओल्या हातापायांवर लावायचं आणि वरून लगेच थोडं तेल किंवा जेली. वरचं झाकण नसेल तर ग्लिसरीन लावूच नका. असं वापरलं तर एवढ्या कमी पैशात इतकं काम करणारी दुसरी वस्तू काउंटरवर नाही. गुलाबपाण्यानं चुरचुरत असेल तर साधं पाणी घ्या. गुलाबपाण्याचं काम इथं वासापुरतंच आहे.

युरिया, आणि टाचा

टाचांचा विषय वेगळा. तिथली कातडी जाड, तिला तेलग्रंथी नाहीत, आणि शहाबादी फरशीवर किंवा शेताच्या मातीत अनवाणी चालून ती आणखी जाड होते. जाड, कोरडी कातडी वजन पडलं की वाकत नाही, फाटते. म्हणून टाचेला नुसतं मऊ करून भागत नाही, जाडी उतरवावी लागते. ते काम युरियाचं.

क्रीमवर युरियाचं प्रमाण बघून घ्या. ५ ते १० टक्के असेल तर ती हातापायांसाठी, ओल धरून ठेवायला. २० टक्क्यांच्या पुढे ती मेलेली कातडी सैल करते, टाचेला हीच लागते. ४० टक्क्यांची क्रीम घट्ट भोवऱ्यांसाठी आणि नखांसाठी असते, ती डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. युरियाबरोबर लॅक्टिक आम्ल असलेल्या क्रीमही मिळतात, त्या टाचेला चांगल्या. चेहऱ्यावर, लहान बाळांना, आणि रक्त दिसणाऱ्या भेगेवर युरिया लावायचं नाही. उघड्या भेगेवर ते असं झोंबतं की माणूस पुन्हा त्या ट्यूबला हात लावत नाही, आणि चांगली वस्तू घरात पडून राहते.

टाचेचा क्रम असा ठेवा. रात्री जेवण झाल्यावर कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय, पाण्यात काही घालायचं नाही. मीठ-सोडा घातला की वरची चरबी जाते आणि सकाळी भेग आणखी कडक होते. मग वजरी, तीही हलक्या हातानं, एकाच दिशेनं आठ-दहा वेळा, आठवड्यातून दोनदाच. एका दिवसात टाच गुळगुळीत करायला गेलं की कातडी स्वतःला वाचवायला आणखी जाड होते. ब्लेडनं कापणं तर मुळीच नको. पाय टिपून २० टक्क्यांची युरिया क्रीम, पाच मिनिटांनी वरून जेली, सुती मोजे, झोप. खोल भेगेत मात्र तीन-चार रात्री फक्त जेली, कडा जुळल्या की मग युरिया. दोन आठवड्यांत भेगांच्या कडा पांढऱ्याच्या गुलाबी झाल्या पाहिजेत. नाही झाल्या तर चप्पल बघा. मागून उघडी, कडक तळाची चप्पल टाचेची चरबी बाजूला पसरवते आणि भेग रोज नव्यानं फाटते. थंडीचे दोन महिने टाच झाकणारी पादत्राणं घालणं ट्यूबइतकंच कामाचं आहे.

मधुमेह असेल तर हा सगळा क्रम डॉक्टरांना विचारून. पायाला बधिरपणा असतो, पाणी किती गरम ते कळत नाही, वजरी किती लागली ते कळत नाही, आणि टाचेच्या भेगेतून सुरू झालेली जखम पाय गमावण्यापर्यंत जाऊ शकते. पाण्यात आधी घरातल्या दुसऱ्या कोणाचं तरी कोपर बुडवून बघा.

कोकमतेल

किराण्यात आणि आयुर्वेदिक दुकानांत कोकमतेलाचा फिकट पिवळसर, मेणासारखा गोळा मिळतो. साबणाच्या वडीसारखा कडक, पण अंगाच्या उष्णतेच्या जवळ आला की वितळायला लागतो. पद्धत जुनी आणि नेमकी आहे. चमच्यात नखाएवढा तुकडा घ्यायचा, चमचा दिव्याच्या ज्योतीवर चार-पाच सेकंद धरायचा, तुकडा कडेनं पारदर्शक झाला की बाजूला घ्यायचा. आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघायचा. चटका बसत नसेल तर भेगेत तो थेंब सोडायचा. भेगेत गेला की मिनिटभरात तो पुन्हा घट्ट होतो, म्हणजे भेग भरून बुजते. जेली वाहून मोज्याला लागते, हे तेल भेगेतच राहतं, हा याचा खरा फायदा.

पण कोकमतेल कातडीची जाडी उतरवत नाही. त्यामुळे ते युरियाच्या जागी नाही, युरिया झोंबत असेल त्या दिवसांत. खरेदी करताना गोळ्याचा वास घ्या. आंबूस, खवट वास आला तर परत ठेवा. राळेचं मलमही हेच भेग बुजवण्याचं काम करतं, पण चिकटतं फार आणि काहींना त्यानं लाली येते. आधी हाताच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून बघावं.

तेलं

आता आपल्या मातीतली वस्तू. सोलापूर म्हणजे करडईचं रान, आणि करडईच्या नेहमीच्या वाणांच्या तेलात लिनोलेइक आम्लाचं प्रमाण तीन-चतुर्थांशाच्या आसपास असतं. त्वचा स्वतःची ओल राखणारी चरबी बनवते तिला हेच आम्ल लागतं. करडईचं तेल पातळ, लवकर पसरणारं, तुलनेनं कमी चिकट. सकाळी आंघोळीनंतर हाताला, पोटरीला लावायला इथल्या तेलांमध्ये आमची पहिली पसंती याला. मात्र हेच आम्ल हवेशी लगेच बिघडतं. लिटरचा कॅन आणून न्हाणीघरात ठेवू नका. घाण्यावरून २०० मिलिलिटर घ्या, गडद बाटलीत, उजेडापासून लांब, दोन महिन्यांत संपवा. जुन्या तेलाला कच्च्या रंगासारखा उग्र वास येतो. तसं तेल त्वचेला बरं करत नाही, उलट चिडवतं. स्वयंपाकाच्या तळणातलं उरलेलं तेल तर अंगाला कधीच नको.

खोबरेल दुसऱ्या क्रमांकावर. चोवीस अंशांच्या आसपास ते गोठतं, त्यामुळे आपल्याकडे डिसेंबरच्या सकाळी बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. रुंद तोंडाच्या बरणीत काढून ठेवलं की बोटानं घेता येतं. अंगावर ते आपोआप वितळतं. बाटलीवर खाद्य तेल लिहिलेलं असावं. मोगऱ्याच्या वासाचं केसांचं तेल म्हणजे बहुतेक वेळा खनिज तेल आणि सुगंध, ते अंगासाठी नाही. तोंडावर मुरुम येणाऱ्यांनी खोबरेल चेहऱ्यापासून लांब ठेवावं.

तिळाचं तेल थोडं जड आहे, ते आंघोळीच्या आधी लावायला छान. आंघोळीआधी अर्धा तास तेल चोळलं की साबण आधी ते तेल खातो, तुमची चरबी नंतर. पण असं अभ्यंग केल्यावर डाळीच्या पिठानं खसाखसा घासून सगळं काढून टाकलं तर केलेलं वाया. पीठ काखेत, जांघेत. हातापायांवर नुसता हात फिरवून पाणी. आणि तेलाचे पाय शहाबादी फरशीवर फार घसरतात, घरात म्हातारं माणूस असेल तर न्हाणीत रबरी चटई आधी घाला.

बाळाच्या मालिशीसाठी ऑलिव्हचं तेल आणि मोहरीचं तेल मोठ्या कौतुकानं आणलं जातं. दोन्ही आमच्या मते नकोत. ऑलिव्हच्या तेलातलं ओलेइक आम्ल त्वचेचं झाकण सैल करतं आणि मोहरीचं तेल नाजूक कातडीला चुरचुरतं. पैसे जास्त देऊन कमी चांगली वस्तू घेतल्यासारखं होतं.

बोरोलीन बंगालात १९२९ पासून आहे आणि आपल्याकडेही अनेक घरांत एक ट्यूब असतेच. त्यात बोरिक आम्ल आणि झिंक ऑक्साइड आहे. नाकाच्या कडेला फुटलेल्या जागेवर, बोटाच्या चिरेवर थोडं लावायला ठीक. तान्ह्या बाळाच्या सोललेल्या, मोठ्या जागेवर बोरिक आम्ल असलेली कोणतीच क्रीम लावू नये.

कोरफडीची हिरवी जेल थंड वाटते, ती मुख्यतः पाणी आहे आणि पाण्यासारखीच उडून जाते. मागे अल्कोहोल लिहिलेलं असेल तर कोरडेपणा वाढेल. थंडीसाठी ही वस्तू नाहीच.

साबण आणि पाणी

ट्यूबेवर खर्च करण्याआधी बादलीकडे बघा. बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरांत हीटरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, बादलीच्या कडेला रेघ बसते. तेच क्षार साबणाशी मिळून न विरघळणारा साका बनवतात, आणि तो साका अंगावर चिकटून राहतो. अंग धुतल्यावर चरचरीत वाटतं त्याला आपण स्वच्छ म्हणतो, खरं तर ते साक्याचं चरचरणं असतं. उपाय स्वस्त आहे: शेवटचे दोन तांबे नळाच्या पाण्याचे, आणि साबण कमी.

साबणाच्या वेष्टणावर टीएफएम, म्हणजे साबणातल्या एकूण चरबीयुक्त द्रव्याचं प्रमाण, लिहिलेलं असतं. ७६ टक्के किंवा वर असेल तो पहिल्या प्रतीचा अंगाचा साबण. 'बेदिंग बार' लिहिलेल्या वडीत ते त्याहून बरंच कमी असतं. पण टीएफएम जास्त म्हणजे साबण सौम्य, हा समज पुरा खरा नाही. कोणताही खरा साबण अल्कधर्मी असतो, त्याचा पीएच नऊ-दहाच्या घरात, आणि आपली त्वचा आम्लधर्मी, पाचाच्या आसपास. ज्यांची नडगी फुटते त्यांनी थंडीपुरती साबण नसलेली वडी घ्यावी. औषध दुकानात 'सिंडेट बार' म्हणून मागा. जड पाण्यातही तिचा साका होत नाही, हा आपल्या गावात तिचा मोठा गुण. ती महाग वाटते, पण फक्त काख, जांघ आणि पायांना लावली तर दीड-दोन महिने सहज जाते. पाठ, पोट, दंड, मांड्या यांना थंडीत रोज साबण लागत नाही.

पाणी कढत नको. बंबातलं पाणी थेट अंगावर घ्यायची हौस महागात पडते. कोपर बुडवल्यावर ना गार ना गरम वाटेल एवढंच, आणि दहा मिनिटांत आटोपायचं. आंघोळीनंतर कातडी लाल होत असेल तर पाणी जास्त गरम आहे, बाकी तपासायची गरज नाही.

टॉवेलाच्या बाबतीत आपण नशीबवान. सोलापूरच्या टेरी टॉवेलाला भौगोलिक मानांकन आहे, आणि अंग टिपायला त्या फासांच्या विणीसारखं दुसरं काही नाही. नवा टॉवेल आधी दोनदा धुवा, कोरा असताना तो पाणी ओढत नाही. कपडे मऊ करायचं द्रावण टॉवेलाला घालू नका, फासांवर त्याचा थर बसतो आणि टॉवेल पाणी नुसतं पसरवतो. आणि टिपायचं, पुसायचं नाही. टॉवेल अंगावर ठेवून दाबायचा, उचलायचा. त्वचा ओलसर राहिली पाहिजे, थेंब ओघळता कामा नये. पांघरायला सुती सोलापुरी चादर अंगाशी आणि घोंगडं किंवा लोकर तिच्यावर. उलट केलं तर रात्रभर खाज.

किती लावायचं, आणि किती आणायचं

तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. एवढ्यात दोन तळहातांएवढी जागा झाकते. एका पूर्ण पायाला, पाऊल धरून, अशा आठ रेघा लागतात. एका हाताला पंजासकट चार. म्हणजे दोन्ही हात, दोन्ही पाय मिळून एका वेळी बारा ग्रॅम. दिवसातून दोनदा लावलं तर चोवीस. पन्नास ग्रॅमची ट्यूब दोन दिवसांत संपली पाहिजे! ती दोन महिने टिकत असेल तर लावणं होतच नाही, आणि 'गुण आला नाही' ही तक्रार निम्म्या वेळा इथूनच येते. म्हणून ट्यूब नको, पाव किंवा अर्ध्या किलोची बरणी घ्या. सौंदर्यप्रसाधन म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटांवर एमआरपीशेजारी प्रति ग्रॅम भाव छापलेला असतो, तो वाचून निवडा. बरणीत ओलं बोट घालू नका, चमच्यानं काढा.

हात

विडी घरकुलापासून यंत्रमागाच्या शेडपर्यंत, इथले हात कामाचे हात आहेत. तेंदूची पानं भिजवताना हात ओले, मग तंबाखूची भुकटी, मग पुन्हा पाणी. ओलं-कोरडं असं दिवसातून वीसदा झालं की बोटांची टोकं चिरतात आणि तंबाखू त्या चिरेत जाते. काम करताना बोट चिकट चालत नाही, त्यामुळे दिवसा क्रीमचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. सुट्टीच्या वेळी साध्या पाण्यानं हात धुऊन पॅराफिनची क्रीम, रात्री जेली आणि सुती हातमोजे किंवा जुने पायमोजे. चिरलेल्या टोकाला जेलीचा ठिपका आणि वरून औषध दुकानातली कागदी चिकटपट्टी दोन वेढे, घट्ट नको. दुसऱ्या दिवशी काढून पुन्हा. तीन रात्रींत चीर मिटते. भांड्यांच्या साबणासाठी रबरी हातमोजे, आणि त्यांच्या आत सुती, नाहीतर घामानंच हात भिजतात.

ओठांना जीभ लावू नका, लाळ वाळताना ओठातलं पाणी घेऊन जाते. साधी जेली किंवा साजूक तूप, दिवसातून पाच-सहा वेळा, थोडं थोडं. रंगाच्या, पुदिन्याच्या वासाच्या कांड्या थंड वाटतात आणि ओठ चिडवतात. चेहऱ्याला मात्र दुपारच्या उन्हासाठी सनस्क्रीन हवंच, थंडी असली तरी आपलं ऊन उन्हासारखंच आहे.

जी ट्यूब घेऊ नये ती

खाज येते म्हटलं की काउंटरवरून एक ट्यूब मिळते, जिच्यात स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि जंतूंचं औषध एकत्र असतं. दोन दिवसांत आराम वाटतो, म्हणून लोक ती पुन्हा पुन्हा आणतात. कोरडेपणावर ती उपचार नाही. महिनाभर लावली की कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, आणि मुळात गजकर्ण असेल तर ते दबून रुंद पसरतं. २०१८ पासून त्वचेवर लावायची बरीच स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. मागे क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यातलं काही लिहिलेलं असेल आणि हातात चिठ्ठी नसेल तर परत ठेवा.

कोरडेपणा कुठला आणि रोग कुठला, हे ओळखायच्या काही खुणा. कोरडेपणा नडगीवर, दंडावर, कमरेच्या कडांना, दोन्ही बाजूंना सारखा असतो आणि नीट लावलं की आठ-दहा दिवसांत बराच उतरतो. कडा उठलेली, मधून साफ होत जाणारी गोल चकती म्हणजे गजकर्ण. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत पुरळ आणि घरात आणखी कोणाला तेच, म्हणजे खरूज. तिला जेलीनं काही होत नाही, सगळ्या घराला एकाच दिवशी औषध लागतं. नडगीवर तडकलेल्या भुईसारखी लाल जाळी उमटली, पाणी झिरपलं, पू दिसला, तर पुढचा दिवस वाट बघू नका. थंडी गेली तरी सगळं अंग कोरडं, शिवाय थकवा आणि वजन वाढतंय, तर थायरॉइड तपासून घ्या. लहानपणापासून नडगीवर माशाच्या खवल्यांसारखे पापुद्रे असतील तर तो वेगळाच प्रकार आहे, त्याला वर्षभर युरिया लागतं.

छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाताना त्या दिवशी अंगाला काही लावू नका, आणि घरात वापरलेल्या सगळ्या ट्यूबा, अगदी शेजाऱ्यांनी दिलेलीसुद्धा, पिशवीत घालून न्या.